पुढच्या अंकात उत्तर

मी बोलतोय. खालच्या फळीवर, सुतळीनं बांधलेला जाडजूड गठ्ठा आहे ना, तो मी. शब्दकोश नव्हे, त्याच्या शेजारचा. माझं नाव विचारू नका. नावाचं पान माझ्यातून कापून नेलं. कोणी नेलं ते सांगणारच आहे, आणि सांगताना मला राग येणार आहे, हे आधीच बोलून ठेवतो. इतकी वर्षं गप्प बसलो म्हणून मी गरीब स्वभावाचा आहे असं कोणी समजू नये.

मी अमेरिकेत छापलेलं गणिताचं मासिक. तीन वर्षांचे अंक एकत्र बांधून केलेला एक खंड. अमेरिका म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे उंच इमारती येतात. माझं गाव तसलं नव्हतं. मक्याचं गाव होतं ते. रेल्वेचं स्टेशन, धान्याची कोठारं, चार आडत दुकानं आणि एक शाळा. पुढे लातूरला मोंढ्याजवळच्या घरात आलो तेव्हा तिथल्या धुळीचा वास मला लगेच ओळखीचा वाटला.

त्या शाळेचा मास्तर माझा संपादक. शाळा सुटली की तो लोकांच्या जमिनी मोजून द्यायचा आणि उरलेल्या वेळात मला काढायचा. छापखान्यातल्या माणसांना वर्गमुळं आणि अपूर्णांक जुळवता यायचे नाहीत, म्हणून अक्षरांचे खिळेही तोच जुळवायचा. बोटं कायम काळी. बायको म्हणायची, जेवणाआधी तरी हात धू. धुतले तरी निघायचं नाही ते.

माझ्याआधी त्या देशात गणिताची मासिकं नव्हती असं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कोणी ना कोणी काढतच होतं. कोणी मास्तर, कोणी नकाशे काढणारा, कोणी पंचांग करणारा. दोन-तीन वर्षं निघायचं, वर्गणीदार आटायचे, बंद पडायचं. मग आणखी कोणी खुळा उठायचा आणि नव्यानं काढायचा. त्यांत विद्वानांचे लेख थोडेच. खरी जान प्रश्नांत. या अंकात प्रश्न, पुढच्या अंकात उत्तर, आणि उत्तराखाली सोडवणाऱ्याचं नाव आणि गाव. कुठे एखादं पदक असायचं, पण बहुतेकांना नाव छापून येणं हेच बक्षीस. तेवढ्यासाठी लोक कंदिलाशेजारी बसून डोकं खाजवायचे. पुढे मोठी विद्यापीठं आली, त्यांची भारदस्त मासिकं आली, ती टिकली. टिकोत बापडी. पण त्यांनी आम्हाला पोरखेळ म्हटलं, ते मी विसरलेलो नाही. तो देश गणित वाचायला शिकला तो ह्याच पोरखेळातून.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. सोडवणारे कमी पडले की संपादक स्वतःच उत्तर लिहायचा आणि खाली भलतंच नाव घालायचा. माझ्या संपादकानं असे चार-पाच गणिती मनानंच जन्माला घातले होते. फसवणूक नव्हती ती. पान ओस दिसलं की नव्या माणसाचा हात चालत नाही, म्हणून तो आधी चार पानं मांडून ठेवायचा, पंगतीत बसायला कोणी लाजू नये म्हणून.

माझ्या शेवटच्या अंकात एक प्रश्न होता. तिकोनी शेत, आत एक विहीर, तीन भाऊ. शेताचे तीन सारखे वाटे करायचे, असे की प्रत्येकाचा वाटा विहिरीला लागला पाहिजे. वरच्या कोपऱ्यातून विहिरीपर्यंत एक बांध आधीच घातलेला आहे, बाकीचे दोन कुठून घालायचे ते सांगा. खाली छापलं होतं, उत्तर पुढच्या अंकात. पुढचा अंक निघालाच नाही. संपादक आजारी पडला आणि मी तिथेच थांबलो, तोंडात शब्द अडकल्यासारखा.

बोटीनं मुंबईला आलो, तिथून हैदराबादला एका प्रोफेसराच्या कपाटात. तो गेल्यावर त्याच्या पोरांनी मला रद्दीत काढलं. तिथल्याच आबिद भागात, फुटपाथवरच्या रविवारच्या बाजारात पडलो होतो, तेव्हा उमरीहून हैदराबादला शिकायला आलेल्या एका काटकुळ्या पोरानं मला उचललं. व्यंकटराव त्याचं नाव. त्यानं मला नेमकं शेवटच्या पानावर उघडलं, विहिरीचा प्रश्न उभ्या उभ्या वाचला, मग पान उलटलं. पुढे काहीच नाही. पुन्हा उलटून बघितलं. "उत्तर कुठंय?" असं त्यानं विकणाऱ्याला विचारलं. तो बिचारा काय सांगणार. तेव्हापासून मी व्यंकटरावाचा.

व्यंकटराव आधी नायगावला आणि मग लातूरला गणिताचे मास्तर झाले, त्यांना सगळे सर म्हणू लागले. माझ्याकडे बघून त्यांनी तोच उद्योग मांडला. सायक्लोस्टाइल केलेलं चार पानी मासिक, नाव 'उकल'. या अंकात प्रश्न, पुढच्या अंकात उत्तर, उत्तराखाली नाव आणि गाव. मराठी टाइपरायटरला वर्गमूळ येत नाही, म्हणून स्टेन्सिल हातानं कोरायचे. बोटं काळी. गोदावरीबाई, त्यांची बायको, पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या, "एवढ्याशा पोरांसाठी एवढा कुटाणा कशाला करून राहिलात? आधी हात धुवा." मी फळीवरून ऐकायचो आणि मला माझं गाव आठवायचं.

सोडवणारे इथेही कमीच. मग व्यंकटरावांनीही माझ्या संपादकाचंच केलं. त्यांनी एक सोडवणारा जन्माला घातला, सटवाजी उमरीकर. ज्या प्रश्नाला कोणाचंच उत्तर यायचं नाही, त्याला सटवाजीचं यायचं. पोरांना वाटायचं, उमरीला कोणी मोठा हुशार माणूस राहतो. गोदावरीबाई चिडवायच्या, "तुमचे सटवाजी लई दिवसांत जेवायला आले न्हाईत." सर नुसते हसायचे.

वाचणाऱ्या पोरांत अवधूत नावाचा एक होता. हुशार, चुणचुणीत, पण धीर कमी. पुढच्या अंकाची वाट बघणं त्याच्या स्वभावात नव्हतं. दारात उभा राहून म्हणायचा, "सर, उत्तर सांगा ना, कोणाला नाही सांगत." सर सांगायचे नाहीत. त्याचं नाव 'उकल'मध्ये कधीच छापून आलं नाही, आणि ते त्याच्या मनात कुठेतरी राहून गेलं असणार. हे मी त्याची बाजू घ्यायला सांगत नाही.

आता भूकंपाच्या वर्षाकडे येतो.

विहिरीचा प्रश्न सरांनी इतकी वर्षं राखून ठेवला होता. त्यांनी स्वतः तो बीजगणितानं सोडवला होता, दीड पान भरून, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. निवृत्त झाल्यावर एकदा म्हणाले, आता हा पोरांना देऊन टाकतो, आणि त्या वर्षी गणपतीच्या अंकात त्यांनी तो दिला. विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे जमीन हलली. मी फळीवरून खाली पडलो, माझ्यावर शब्दकोश पडला, वर भिंतीचा गिलावा. आमचं घर उभं राहिलं. औशाकडची गावं राहिली नाहीत. दगडमातीच्या जाड भिंती माणसं झोपेत असताना त्यांच्या अंगावर आल्या. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही, ज्यांचं गेलं त्यांना ठाऊक आहे.

दोन-चार दिवसांनी टपाल सुरू झालं आणि एक पोस्टकार्ड आलं. बारीक, एकसारखं अक्षर. विहिरीच्या प्रश्नाचं उत्तर. शेताच्या खालच्या बांधाचे तीन सारखे भाग करायचे. पहिल्या खुणेपासून विहिरीपर्यंत दोर लावायचा. त्याला समांतर दुसरा दोर वरच्या कोपऱ्यातून सोडायचा. तो खालच्या बांधाला जिथे टेकेल तिथून विहिरीपर्यंत नवा बांध घालायचा. दुसऱ्या खुणेलाही तसंच. झाले तीन सारखे वाटे. विहीर अगदी एका बाजूला असली तर काय करायचं, तेही खाली लिहिलं होतं. बीजगणित नाही, काही नाही. खाली नाव, वर्षाराणी ग्यानोबा, इयत्ता नववी, आणि औसा तालुक्यातल्या त्या गावाचं नाव, जे आता नुसता ढिगारा होतं.

सर ते कार्ड घेऊन खुर्चीत बसले ते उठेचनात. गोदावरीबाईंनी विचारलं, "कोणाचं हाय?" सरांनी कार्ड पुढे केलं. त्यांनी गावाचं नाव वाचलं आणि पदर तोंडाला लावला. संध्याकाळी सर एसटी स्टँडवर जाऊन त्या बाजूच्या माणसांकडे चौकशी करून आले. एकानं सांगितलं, ग्यानोबाची आळी सपाट झाली, घरातलं कोणी उरलं नाही.

इथे मला पहिल्यांदा ओरडावंसं वाटलं. कार्ड माझ्यावरच ठेवलं होतं. टपालाचा शिक्का माझ्या डोळ्यांसमोर होता, नायगावचा, भूकंपाच्या आदल्या दिवसाचा. गाव औशाकडचं आणि शिक्का नायगावचा, म्हणजे कार्ड टाकणारी त्या दिवशी नायगावात होती. एवढं साधं अनुमान, आणि गणिताच्या माणसाला सुचू नये? पण सरांनी फक्त उत्तर आणि नाव बघितलं. दुःखानं माणूस आंधळा होतो म्हणतात, पण शिक्का तरी बघायचा. मी नुसता पानं दाबून पडून राहिलो.

'उकल'चा तो शेवटचा अंक. विहिरीच्या उत्तराखाली सरांनी आपल्या हातानं कोरलं, कै. वर्षाराणी ग्यानोबा. त्यानंतर त्यांनी स्टेन्सिल आणलंच नाही. मशीन कोपऱ्यात गेलं आणि गोदावरीबाईंनी त्यावर पापडाचे डबे ठेवले.

भूकंपानंतर लातूरचं रूप बदललं. क्लासच्या पाट्या आधीही होत्या, आता गल्लीगल्लीत झाल्या. बाहेरगावची पोरं ट्रंका घेऊन यायची, एका खोलीत चौघं राहायची, मेसचा डबा खायची आणि पहाटेपासून एका क्लासमधून दुसऱ्या क्लासमध्ये धावायची. पहिल्या आलेल्या पोराचा फोटो तीन-तीन क्लासच्या पाटीवर, आणि तिन्ही म्हणायचे आमचा. अवधूतनंही क्लास काढला. चालला. एक दिवस पेढे घेऊन आला, सरांच्या पाया पडला आणि म्हणाला, "सर, ते जुनं अमेरिकन पुस्तक आणि 'उकल'चे अंक संदर्भाला नेऊ का? पोरांना दाखवतो." सर भोळे. त्यांना वाटलं, आता शेकडो पोरं हे प्रश्न सोडवतील.

अवधूतनं मला झेरॉक्सच्या दुकानात नेलं. मशीनवर मी सपाट बसेना. "कापा की मागनं," अवधूत म्हणाला, जसा काही दुधाच्या पिशवीचा कोपरा. कटरचं पातं माझ्या पाठीवर आलं आणि शंभराहून जास्त वर्षं धरून ठेवलेली शिवण एका दणक्यात गेली. नावाचं पान त्यानं फ्रेम करून क्लासच्या भिंतीवर लावलं, येणाऱ्या पालकांना दिसेल असं. बाकी मी, सुटी पानं, त्याच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून.

माझे प्रश्न त्याच्या नोट्समध्ये गेले. सोडवणाऱ्यांची नावं गेली नाहीत. माझ्या पानोपानी किती जणांची नावं होती, मास्तरांची, शेतकऱ्यांची, एका पाद्र्याची, एका शिकणाऱ्या मुलीची. सगळ्यांच्या जागी एकच, 'अवधूत सर नोट्स'. आणि विहिरीचं उत्तर? ते झालं 'अवधूत ट्रिक'. चौकटीत, ठळक अक्षरात. ज्याला पुढच्या अंकापर्यंत थांबता आलं नाही, त्यानं उत्तरच आपल्या नावावर करून घेतलं.

भूकंपग्रस्त पोरांना त्यानं क्लास फुकट ठेवला होता. चांगली गोष्ट, मी नाही म्हणत नाही. पण त्या पोरांना एका ओळीत उभं करून काढलेला फोटो त्याच्या पत्रकावर होता, हेही सांगायला हवं. त्या ओळीत शेवटी एक उंच, सावळी मुलगी होती. अकरावीची.

ज्या दिवशी अवधूत ट्रिक शिकवायची असायची, त्या दिवशी तो मला वर्गात न्यायचा. हात उंच करून माझा गठ्ठा दाखवायचा, "बघा, अमेरिकेत ज्याचं उत्तर छापलं गेलं नाही, ते आपण लातुरात काढलं." अशाच एका दिवशी फळ्यावर तिकोन, विहीर, दोन समांतर रेघा. पोरांनी माना डोलावल्या. ती सावळी मुलगी उभी राहिली.

"सर, हे माझं उत्तर हाय."

वर्ग हसला. अवधूतही हसला. "बस खाली."

"'उकल'ला पाठवलतं मी. नववीत असताना. नायगावहून."

अवधूतचं हसू तिथेच राहिलं. त्यानं खडू ठेवला, वर्ग लवकर सोडला आणि तिला ऑफिसात बोलावलं. मी टेबलावर. त्यानं कपाटातून 'उकल'चा शेवटचा अंक काढला आणि तिच्यासमोर टाकला.

"वाच. वर्षाराणी ग्यानोबा भूकंपात गेली. व्यंकटराव सरांनी स्वतः छापलंय. मेलेल्या माणसाच्या नावावर श्रेय घेतेस? लाज वाटत नाही?"

तिनं वाचलं. स्वतःच्या नावामागे 'कै.'. बोट त्या एका अक्षरावर ठेवून उभी राहिली. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "मी जित्ती हाय, सर. आई गेली. मी मावशीकडं बारशाला गेलते."

अवधूतनं तिच्याकडे बघितलं, आणि मला दिसलं की त्याला खरं कळलं होतं. तरी तो म्हणाला, "फुकट शिकतेस, शांत शिक. हे पुन्हा काढलंस तर बॅचमधून नाव कमी होईल." माणूस न कळता चुकला तर मी सोडून देईन. कळूनही जो असं बोलतो त्याचं काय करायचं?

अंकाच्या खाली सरांचा पत्ता होता. पुढचं मला नंतर, घरी परत आल्यावर, गोदावरीबाईंच्या तोंडून कळलं, त्या शेजारणीला सांगत होत्या तेव्हा. "दारात पोरगी उभी. म्हणली, वर्षाराणी ग्यानोबा. मी म्हणलं, हे आत बसलेत त्यांना आता कसं सांगू? तेच उठून आले. पोरीच्या तोंडाकडं बघितलं. मग कपाटातनं ते कार्ड काढलं, भिंग लावलं, शिक्का बघितला. म्हणले, गोदे, नायगावचा शिक्का हाय गं. मला दिसला न्हाई."

दुसऱ्या दिवशी सर काठी टेकत क्लासवर आले. मागे वर्षाराणी. प्रवेशाचे दिवस, बाहेर सोफ्यावर पालक बसलेले, ऑफिसचं दार उघडं. अवधूतनं पटकन पाया पडून घेतलं. "सर, तुम्ही कशाला आलात, मी आलो असतो."

"अवधूत, हिला ओळखतोस?"

"सर, पण तुम्हीच तर 'कै.' छापलंत."

हा घाव बरोबर बसला. सरांनी दोन्ही हात काठीवर टेकले. मग म्हणाले, "हो. ती चूक माझी. माझी मी दुरुस्त करतो. तुझी तू कर. ट्रिकवरचं तुझं नाव काढ आणि हिचं घाल."

"नोट्स छापून झाल्यात सर. हजारो पोरं ह्याला अवधूत ट्रिक म्हणतात. आता बदललं तर क्लासवर काय बोलतील? पुढच्या वर्षी बघू." मग तो वर्षाराणीकडे वळला. "तुझी फी माफच आहे. दोन वर्षं वर्गात पुढच्या बाकावर बस. हॉस्टेलचंही बघतो. अजून काय पाहिजे?"

"क्लास नको, सर," वर्षाराणी म्हणाली. "नाव पायजे."

अवधूतनं हात पसरले, जणू आता हिला कोण समजावणार. तेवढ्यात सरांची नजर टेबलावरच्या पत्रकावर गेली. त्यांनी ते उचललं, चष्मा वर केला आणि वाचलं. 'विशेष मार्गदर्शक, ज्येष्ठ गणिततज्ज्ञ प्रा. सटवाजी उमरीकर, दर रविवारी.'

सरांनी पत्रक अवधूतपुढे धरलं. "हे उमरीकर येतात का रे?"

"येतात ना सर. हल्ली तब्येत बरी नसते त्यांची."

"दिसायला कसे आहेत?"

"उंच. गोरे. टोपी घालतात."

मी कागद असून मला हसू आलं. माझ्या सुट्या पानांतली दोन घसरून खाली पडली.

"अवधूत," सर म्हणाले, "सटवाजी मीच आहे. पोरांना हुरूप यावा म्हणून मीच ते नाव घालत होतो. असा माणूस कधी झालाच नाही."

बाहेर सोफ्यावर बसलेला नायगावकडचा एक पालक दारात आला. "म्हंजी उमरीकर सर येत न्हाईत व्हय? आम्ही तर त्यांच्यासाठीच आलाव." अवधूतनं उठून दार लावून घेतलं.

बघा आता. जो जन्मलाच नाही त्याच्या नावाची पाटी, त्याला उंची, रंग आणि टोपीसकट. आणि जी समोर उभी आहे, जिनं उत्तर काढलं, तिला जागा नाही. कोणाला सांगावं हे? माझ्या मास्तरानंही खोटी नावं घातली होती, सरांनीही. पण ती रिकामी जागा भरायला. दुसऱ्याला उठवून त्याच्या जागेवर बसायला नव्हे. हा फरक अवधूतला कळत नव्हता असं मला अजूनही वाटत नाही.

सरांनी मला उचललं. अवधूत म्हणाला, "राहू द्या सर, तुम्हाला जड होईल." सरांनी ऐकलं नाही. वर्षाराणीनं अर्धा गठ्ठा घेतला. नावाचं पान मात्र भिंतीवरच राहिलं, फ्रेमला खिळा होता आणि सरांना ओढाताण करायची नव्हती. ऑटोत बसल्यावर सर म्हणाले, "तुझ्यासाठी दुसरा क्लास बघावा लागेल." ती म्हणाली, "तुमी शिकवा की." सरांनी मान डोलावली.

घरी आल्यावर मशीनवरचे पापडाचे डबे उतरले. रोलर रॉकेलनं पुसला. गोदावरीबाई कुरकुरल्या नाहीत, उलट जुनी शाई कोमट पाण्यात ठेवून बघायला लागल्या. सरांचा हात आता स्थिर राहायचा नाही. म्हणून स्टेन्सिल वर्षाराणीनं कोरलं, सर शेजारी बसून सांगत होते. एकच पान. वर विहिरीचा प्रश्न. खाली उत्तर. मग सरांनी शुद्धिपत्र सांगितलं आणि तिनं ते जसंच्या तसं लिहिलं. 'मागील अंकात वर्षाराणी ग्यानोबा हिच्या नावामागे कै. छापले गेले. ही चूक संपादकाची. वर्षाराणी जिवंत आहे आणि हे उत्तर तिचे आहे.'

"आता खाली नाव घाल," सर म्हणाले.

तिनं लेखणी टेकवली, नाव कोरलं आणि थांबली.

"सर, ते कै. काढलं का?"

"काढलं की. तुझ्या नावामागे नाही आता."

"न्हाई, तसं न्हाई. ते टाकून देऊ नका. पायजे मला." ती थोडा वेळ बोटाची शाई बघत राहिली. "आमचं शेत तिकोनीच हाय. तुमचा प्रश्न आला तवा मी आईला घेऊन गेले. मी खुणा केल्या, आन् तिनं दोर धरला. मी म्हणायची, आई, वढ, अजून वढ. तिला गणित येत न्हवतं. पण तिनं दोर सैल पडू दिला न्हाई, म्हणून तर मला दिसलं."

गोदावरीबाई चुलीपाशी उभ्या होत्या, त्यांनी तोंड फिरवलं. वर्षाराणीनं स्वतःच्या नावाखाली दुसरी ओळ कोरली. सोडवणारे, वर्षाराणी ग्यानोबा, आणि कै. कस्तुराबाई ग्यानोबा.

रोलर फिरला. पहिली प्रत सरांनी वाळवली आणि माझ्या शेवटच्या पानानंतर ठेवली. मग मला सुतळीनं गच्च बांधलं. त्या मक्याच्या गावात ज्या अंकाची मी वाट बघत थांबलो होतो, तो लातुरात, मोंढ्याजवळच्या स्वयंपाकघरात निघाला.

सर आता नाहीत. गोदावरीबाईही नाहीत. वर्षाराणी नांदेडला शिकवते, आणि मी तिच्या कपाटात खालच्या फळीवर आहे. ती कधी कधी मला काढते, शेवटचं पान बघते आणि ठेवून देते. अवधूतचा क्लास आता चार मजली आहे. सटवाजी उमरीकर पत्रकावरून गेले, पण अवधूत ट्रिक तशीच आहे. तुमच्या मुलाच्या वहीतही असेल. उघडून बघा, चौकटीत असते.

मी म्हातारा झालोय, पानं कडा सोडतायत, फार मागणार नाही. तुमच्या पोराला ती ट्रिक शिकवताना एवढं करा. चौकटीवरचं नाव खोडा आणि खाली दोन नावं लिहा. दुसऱ्या नावामागे 'कै.' लिहायला विसरू नका, ती बाई खरंच गेली. जाण्याआधी मात्र तिनं दोर सैल सोडला नव्हता.